मोहाखालची मोकळी जमीन

“असं कोण म्हणते?”

समोरचा माणूस कितीही मोठा असो, त्याचं वाक्य संपलं की ती एवढंच विचारायची. आवाजात उद्धटपणा नसे. पत्ता विचारावा तसं विचारायची. पण आपल्याकडे काही लोकांना पत्ता विचारलेलाही आवडत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल.

बालाघाटच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. ती लांजीकडच्या एका खेड्यातून तिथे शिकायला बसने यायची. वडील लहानपणीच गेलेले. आई थोडीशी धानाची शेती करायची आणि उरलेल्या दिवसांत जंगलात मोहफुलं वेचायला जायची. पहिल्याच महिन्यात एक जाड पुस्तक परत करताना ती म्हणाली, “काका, यात लिवलं हाय का अस्वल मोहफुलं खायले रातीच येते. असं कोण म्हणते? आमच्या इथं तं दिवस उगवल्यावर बी येते. माय टोपली टाकून पळाली होती.”

मी म्हटलं, लेखक म्हणतात, पण ते आता हयात नाहीत.

“मंग आता कोणाले इचारू?” ती खरोखरच काळजीत पडली.

कॉलेजात ती सगळ्यांशी हिंदी बोलायची, माझ्याशी मात्र गावची मराठी. माझ्या मराठीला ती ‘रेडिओवाली’ म्हणायची. मी तिला सुधारत नसे. दोघांपैकी कोणाला सुधारायची गरज आहे, याबद्दल मला तेव्हाही शंका होती.

पुढे तिला शिष्यवृत्ती मिळाली आणि ती जर्मनीला गेली. विषय होता उष्ण प्रदेशातली जंगलं आणि त्यांचं संवर्धन. माझे सकाळच्या फिरण्यातले मित्र हसले. बैहरचं जंगल बसच्या अंतरावर असताना बर्फात जाऊन जंगल कसलं शिकायचं? मी तिला फोनवर विचारलं.

“इकडं आपल्यासारखं जंगल नाही काका. पण आपल्या जंगलावर लिवलेलं सारं इकडं हाय.”

विद्यापीठात एक तापवलेलं काचघर होतं. त्यात एक पळस होता, कुंडीत. हिवाळ्यात ती डबा तिथे नेऊन खायची. “पळस बिमार दिसून राह्यला,” तिने कळवलं. “पण नावाची पाटी मोठी देल्ली हाय त्याले.”

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये ती प्रबंधाचं काम करायला सहा महिन्यांसाठी घरी आली. प्रश्न तिने तिथेच ठरवून आणला होता. गावाजवळच्या जुन्या मोहांखाली एकही लहान मोह का दिसत नाही? आत दाट जंगलात दिसतात, इथे नाहीत. आमच्या भागात फुलं गळायच्या आधी बाया झाडाखालचा पाला जाळतात, म्हणजे मोकळ्या जमिनीवर फुलं दिसतात आणि वेचता येतात. तिने वाचलेल्या सगळ्या लेखांत दोष या आगीला होता. तिने दहा झाडं निवडली. पाच झाडांखाली बायांनी नेहमीप्रमाणे जाळायचं, पाच झाडांखाली तिने स्वतः झाडून द्यायचं. आईची झाडंही त्यातच होती.

मग एक वार्ताहर आला. मोह का संपतोय, असं त्याने विचारलं आणि तिने उत्तर दिलं, “आगीमुळे.” मोजणी व्हायची होती, तरी दिलं. दुसऱ्या दिवशी फोटोसकट छापून आलं. आठवड्याभरात गावात बातमी पोचली की पुढच्या हंगामात वनखातं बायांना जंगलात जाऊ देणार नाही.

हापशीवर तिच्या आईला बाजूला उभं करण्यात आलं. “तुह्या पोरीनं आमच्या पोटावर पाय देल्ला,” शेजारीण म्हणाली. आईने घागर भरली आणि घरी आली. हे मला पोरीनेच नंतर सांगितलं.

जुलै संपता संपता तिने दहाही झाडांखाली रोपं मोजली. जाळलेल्या झाडांखाली एकही नव्हतं. झाडलेल्या झाडांखालीही एकही नव्हतं. तीन दिवस ती गुडघ्यांवर फिरत राहिली. शेवटी चुलीपाशी बसून तिने आईला विचारलं, आग नाही, तरी उगवत काहून नाही?

आई भाजीला फोडणी देत होती. “टोरी आम्ही एक तरी सोडतो का? उगवन कुठून?”

टोरी म्हणजे मोहाची बी. तिचं तेल काढतात. त्या वेळी कढईत होतं ते तेच.

“मंग तू सांगितलं काहून नाही?”

“तुनं इचारलं काहून नाही? तू तं आगीचंच इचारून राह्यली होती.”

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. चहा थंड झाला तरी हातात तसाच होता. “काका, लहानपणी मीच वेचत होती टोरी. एक राह्यली तं माय परत धाडत होती. तिकडं बसून शंभर कागद वाचले, पण हे आठवलं नाही.”

मी रेडिओवाल्या मराठीत काहीतरी धीर दिला. तो मला स्वतःलाही पटला नाही.

ऑगस्टमध्ये तिच्या समाजाने बालाघाटला तिचा सत्कार ठेवला. आधीच ठरलेला होता, हार सांगून झाले होते. फलकावर तिच्या फोटोपेक्षा अध्यक्षांचा फोटो मोठा होता. प्रमुख पाहुणे म्हणून वनखात्याचे एक मोठे अधिकारी आले. “बेटी ने सिद्ध कर दिया कि जंगल को आग से नहीं, इन जलाने वालों से बचाना है,” ते म्हणाले. टाळ्या झाल्या. तिची आई शेवटच्या रांगेत होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. गावातून आलेल्या चार बाया भिंतीशी उभ्या राहिल्या होत्या.

ती बोलायला उठली. खांद्यावरची शाल घसरत होती, ती काढून खुर्चीवर ठेवली.

“आगीनं मोह संपते, असं कोण म्हणते? मी म्हणत होती. मोजायच्या आधीच म्हणत होती. मोजलं तं तसं निघालं नाही. आग चांगली हाय असं नाही, ते बी पाहाचं हाय. पण हे पाह्यल्याबिगर कोणाले जंगलात जायचं बंद करू नका. जे मले समजलं नाही थे माह्या मायले मालूम होतं.”

मग तिने हेच अधिकाऱ्यांसाठी हिंदीत सांगितलं, तितकंच लहान.

सत्कारमूर्तीनेच आपली चूक जाहीर केल्यावर काय करायचं, हे कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. टाळ्या वाजवाव्यात की नाही, लोकांना कळेना. सूत्रसंचालकाने घाईने आभार मानले आणि चहा आणवला. अधिकारी “अच्छा, अच्छा” म्हणाले. जंगलबंदीची गोष्ट पुढे सरकली नाही, आणि सरकारी गोष्ट पुढे सरकली नाही की ती मागे घेतली असं समजायचं असतं.

प्रबंध मात्र पहिल्यापासून मांडावा लागला. तिथल्या मार्गदर्शकांनी एक वर्ष वाढवून दिलं. जाताना तिने आईकडे मागितलं ते एवढंच: पुढच्या वर्षी आपल्या दोन झाडांची टोरी वेचू नको. दोन झाडांचं तेल म्हणजे त्या घराची दिवाळीपर्यंतची फोडणी. आई म्हणाली, “बरं.”

गेल्या जुलैत तिने मला फोन करून गावी जायला सांगितलं. आईला फोटो काढता येत नाहीत आणि ती तर तिकडे प्रयोगशाळेत अडकली होती. मी बसने गेलो. तिच्या आईने मला पहिल्या झाडाकडे नेलं. भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण होतं. शेळ्या शिरू नयेत म्हणून हापशीवरच्या त्याच शेजारणीने ते लावून दिलं होतं. आईने एक फांदी ओढून वाट केली आणि पुढे झाली.

आत जमीन दिसत नव्हती. बोटभर उंचीची, तांबूस पानांची रोपं खोडापासून कुंपणापर्यंत दाटून आली होती. त्याच मोकळ्या जमिनीवर ती लग्न होऊन आल्यापासून दर वर्षी न बघता चालत आली होती. आता तिने लुगडं गुडघ्यापर्यंत वर धरलं, एक पाय उचलला आणि तसाच अधांतरी ठेवला.

“भाऊ,” मागे न वळता ती म्हणाली, “आता पाय कुठं ठेऊ, थे सांगा.”