कोरडा घास

अंबडला एका कारखान्याच्या टूल रूममध्ये मी नोकरी करतो. दुपारच्या सुट्टीत आम्ही चार-पाच जण एकत्र डबे उघडतो. एकदा असंच जेवता जेवता कोणीतरी साहेबांची नक्कल केली, मला हसू फुटलं आणि तोंडातला चपातीचा घास भलतीकडे गेला. आधी ठसका लागला, मग ठसकाही येईना. श्वास आत जाईना की बाहेर पडेना. समोरच्यांचे चेहरे दिसत होते, पण त्यांचे आवाज लांबून आल्यासारखे वाटत होते. शेजारी बसलेला माझा मित्र लेथवर काम करतो, अंगाने दांडगा आहे. तो उठला, मला पुढे वाकवलं आणि पाठीत असे दणके घातले की घास टेबलावर येऊन पडला.

"काय राव, हसताही येईना का तुला?" तो म्हणाला. सगळे हसले. मीही डोळे पुसत हसलो, पाणी प्यायलो आणि पुन्हा मशीनवर जाऊन उभा राहिलो. संध्याकाळी घरी जेवलोसुद्धा.

त्रास दुसऱ्या दिवशी सुरू झाला. डबा उघडला, पहिला घास तोंडात घातला, चावला आणि तो खाली जाईना. पुन्हा चावला. चावून चावून त्याचं पाणी झालं, तरी गिळायची वेळ आली की घसा मूठ आवळावी तसा बंद व्हायचा. शेवटी रुमालात थुंकून टाकला. मित्राला म्हणालो, "पोट बरं नाही आज," आणि डबा त्याच्याकडे सरकवला.

मग रोज काहीतरी कारण सांगू लागलो. चपाती बंद झाली, मग भाकरी, मग शेंगदाणे, फुटाणे, पोहे. आईने गावाकडून पाठवलेली द्राक्षं फ्रिजमध्ये पडून राहिली. कामावर मी फक्त ताक पिऊ लागलो. घरी पातळ खिचडी, तीही पाण्याची बाटली हाताशी असेल तरच. बायको समोर बसलेली असली की थोडं जास्त जायचं, कारण काही झालंच तर ती आहे, असं मनात असायचं.

पँट कमरेवर राहीना तेव्हा बायकोने मला धरून बसवलं. "खरं काय ते सांगा," ती म्हणाली. मी सांगितलं. तिला वाटलं होतं काहीतरी मोठा आजार लपवतोय. घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दुर्बीण घालून तपासलं आणि सांगितलं, "घसा एकदम स्वच्छ आहे, काही नाही." ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण मला राग आला. काही नाही तर मग मी दोन महिने खिचडीचं पाणी कशाला पितोय?

माझं गाव सिन्नरजवळ आहे. आई आणि भाऊ तिथे राहतात. एरवी मी दर पंधरा दिवसांनी जायचो, पण आता जायचं म्हणजे आईच्या हातची भाकरी समोर येणार, म्हणून टाळू लागलो. फोनवर ती विचारायची, "का रे, काय चुकलं का आमचं?" मी म्हणायचो, "कामाचा लोड आहे गं."

शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी गंगापूर रोडवरच्या एका मॅडमचा पत्ता दिला. त्या मानसशास्त्र शिकलेल्या, समुपदेशन करणाऱ्या. मी बायकोला म्हणालो, "म्हणजे मला वेड लागलंय?"

"वेड लागलं असतं तर असं विचारलं नसतंत," ती म्हणाली. "शनिवारी जाऊ."

मॅडम माझ्यापेक्षा वयाने लहान होत्या. मला वाटलं होतं, बालपणाबद्दल विचारतील. त्या म्हणाल्या, "आत्ता, काही न खाता, पटापट थुंकी गिळता येते का बघा. एकामागून एक. थांबू नका." मी गिळायला लागलो. तिसऱ्या-चौथ्या वेळी घसा आवळला. तोच घट्टपणा, तीच घाबरगुंडी.

"बघा," मी म्हणालो, "हेच होतं!"

"आता मीही तेच करते," त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्यासमोर तसंच केलं आणि घशाला हात लावून म्हणाल्या, "माझाही आवळला. कोणाचाही आवळतो. तुमचा घसा बिघडलेला नाही, तुम्ही त्याच्यावर पहारा ठेवलाय."

पुढच्या वेळी त्यांनी घरून खाण्याच्या वस्तू आणायला सांगितल्या. ज्यांची कमी भीती वाटते त्याही आणि जास्त वाटते त्याही. बायकोने पिशवी भरून दिली. मॅडमनी टेबल रिकामं केलं आणि म्हणाल्या, "सोप्यापासून अवघडापर्यंत ओळीने मांडा." डाव्या हाताला दही ठेवलं. मग केळं, दुधात भिजवलेलं बिस्कीट, कोरडं बिस्कीट, चपाती. उजव्या टोकाला चिवडा आणि बाजरीची भाकरी. वय पंचेचाळीस, हाताखाली दोन माणसं, आणि मी भातुकली मांडल्यासारखा वाट्या मांडत होतो. लाज वाटली. पण त्या हसल्या नाहीत, त्यांनी फक्त माझी पाण्याची बाटली उचलून खिडकीत ठेवली.

"बाटली का?" मी विचारलं.

"बाटली जवळ असली की घास खाली गेल्यावर तुम्ही म्हणता, पाण्यामुळे वाचलो. बायको समोर असली की म्हणता, तिच्यामुळे वाचलो. घशाला कधी श्रेयच मिळत नाही."

त्या दिवशी केळं आणि भिजवलेलं बिस्कीट खाल्लं. घसा आवळला, छाती धडधडली, हाताला घाम आला. त्यांनी मला धीर दिला नाही. "भीती आहे? असू दे. खात राहा," एवढंच म्हणत होत्या. मला उठून जावंसं वाटत होतं. पण बसून राहिलो, आणि थोड्या वेळाने धडधड आपोआप उतरली. ती अशी उतरते हेच मला माहीत नव्हतं, कारण दर वेळी मी त्याआधीच घास थुंकून मोकळा व्हायचो.

घरी रोज तोच अभ्यास होता. एक पायरी जमली, कंटाळा येईपर्यंत ती करायची, मग पुढची. कोरड्या बिस्किटाने मला फार छळलं. एक आठवडा तर सगळं उलटं फिरलं, पुन्हा ताकावर आलो. मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, "होतं असं. उद्या केळ्यापासून सुरू करा."

चिवड्याची पाळी त्यांच्यासमोर आली. मूठभर तोंडात टाकला, चावला, गिळला आणि पोह्याचा एक कण घशात चिकटला. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. मी हाताने खुणा करायला लागलो, पाणी, पाणी. मॅडम खुर्चीवरून हलल्या नाहीत. मी खोकत राहिलो. कण निघाला. आवाज बसला होता, नाक गळत होतं, पण श्वास चालू होता.

"पाठीत कोणी मारलं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"पाणी प्यायलात?"

"नाही."

"मग कण कोणी काढला?"

त्यांनी चिवड्याची वाटी पुन्हा माझ्याकडे सरकवली. मला त्यांचा संताप आला होता, पण खाल्ला.

त्यानंतर त्यांनी बायकोला आत बोलावलं आणि सांगितलं, "आता हे एकटे जेवतील. तुम्ही त्या वेळी घरात थांबायचं नाही." मला वाटलं होतं, तिला सुटल्यासारखं होईल. इतके महिने ती भात मऊ करून, भाजी ठेचून, माझ्या घशाकडे बघत समोर बसत होती. स्वतः जेवायची ती मी उठल्यावर. पण तिचा चेहरा उतरला.

"आणि काही झालं तर?" तिने विचारलं.

"हा प्रश्न यांचा होता," मॅडम म्हणाल्या. "आता तुमचा झालाय."

पहिल्या दिवशी मी चपाती-भाजीचं ताट घेऊन बसलो आणि ती समोरच्या वहिनींकडे जाते म्हणून बाहेर पडली. दार लोटलं. घरात पंख्याचा आवाज तेवढा होता. पहिला घास घेतला. भीती होती, नेहमीचीच. सावकाश जेवलो, ताट धुतलं आणि तिला हाक मारायला दार उघडलं तर ती जिन्याच्या पायरीवर बसलेली. वहिनींकडे गेलीच नव्हती.

"ऐकत होतीस?"

"जमलं नाही हो मला," ती म्हणाली आणि तिथेच रडायला लागली. मी तिच्या शेजारी बसलो. तोवर मला वाटत होतं, घाबरलोय तो मीच. तिने कधी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. दोन दिवसांनी ती खरोखर वहिनींकडे गेली. चहा घेऊन, गप्पा मारून, आरामात परत आली.

मग एका रविवारी गावाला गेलो. आईने बघताच तोंडावर हात ठेवला. "लय वाळलास रे." चुलीपुढे बसून मी तिला सगळं सांगितलं. घास, घसा, मॅडम. तिला यातलं किती कळलं माहीत नाही. ती म्हणाली, "मग येत का नव्हतास? मी काय खायला बळजबरी केली असती का?"

"केली असतीस," मी म्हणालो.

तिला हसू आलं. "केली असती, खरंय." मग तव्यावरची भाकरी काढून तिने ती दुधाच्या वाडग्यात मोडायला घेतली. "थांब, कुस्करून देते. पार मऊ करते. नाय अडकायची."

क्षणभर मला ते हवं होतं. मी तिचा हात धरला. "नको आई. कोरडीच दे. आणि पाणी पण नको."

"अरे पण कालवण तरी घे."

"कालवण नंतर."

तिने भाकरी दिली आणि माझ्याकडे बघू लागली. मी म्हणालो, "बघू नकोस, तू तुझी दुसरी थाप." तिने पिठाचा गोळा हातात घेतला, पण थापताना मान माझ्याकडेच होती. भाकरी एका बाजूने जाड झाली. मी कोरडा तुकडा मोडला, चावला, गिळला. दुसरा घेतला. भाकरी संपल्यावर कालवण मागितलं.

कामावरच्या मित्राला मात्र बरेच दिवस काही सांगितलं नव्हतं. पुन्हा सगळ्यांत बसून पूर्ण डबा खाल्ला तेव्हा तो म्हणाला, "पोट बरं झालं वाटतं. माझी मजा गेली, वहिनींच्या हातचं मिळायचं." त्याला बाजूला घेऊन खरं सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटायचं, मी जोरात मारलं म्हणून तू माझ्याशी नीट बोलत नाहीस."

या गोष्टीला आता दोनेक वर्षं झाली. मॅडमकडे जाणं थांबलंय. कामाचा ताण वाढला, झोप नीट झाली नाही की घसा अजून आवळतो. मोठी गोळी गिळायची असली की मी थोडा वेळ हातात धरून बसतो. पण तोडत नाही, तशीच घेतो. ज्या दिवशी घसा जास्त आवळतो त्या दिवशी मुद्दाम फुटाणे खातो.

घरी आता बायको स्वयंपाकघरात तिचं काम करत असते आणि मी बाहेरच्या खोलीत जेवतो. कधी साधा ठसका लागला की आतला भांड्यांचा आवाज थांबतो. मी खोकून घेतो, पुढचा घास घेतो. थोड्या वेळाने आतून पुन्हा भांडी वाजायला लागतात.