केसाहून बारीक झारा

आधी तक्रार. माझ्या फडताळात, माझ्या डब्यांच्या रांगेत, मला न विचारता कुणी काही ठेवायचं नाही. हे या घरात शंभरदा सांगून झालंय.

हां, आता नमस्कार. गेल्या रविवारी मी तुपातली बुंदी पाडत होते. रिकामा डबा शोधताना एक छोटी डबी हाताला लागली... आत रुमालात गुंडाळलेली बोटाएवढी काच. वाटलं, फुटक्या मोबाईलची असेल. पदरानं पुसली, चकचकीत केली, ठेवून दिली.

ती काच माझ्या नातीची, ऋतुजाची. केमिकल इंजिनीअरिंगचं पुढचं शिकते. लॅबमध्ये वस्तू इकडच्या तिकडे होतात म्हणून हिनं घरी आणलेली. त्या काचेत केसाहून बारीक वाटा कोरल्यात. एकीकडून तेल ढकलायचं, पलीकडे साबणाचं पाणी... वाटेच्या तोंडाशी थेंब आपोआप तुटतो आणि पाण्यात सुटतो. सगळे थेंब एका मापाचे पाहिजेत, औषधांना, क्रीमला लागतात म्हणे. माझी शाळा चौथीपर्यंत, पण एवढं समजलं. झारा रोजचा हातातला आहे.

सोमवारपासून तिचे थेंब बिघडले. स्क्रीनवर एक मोहरीएवढा, तर शेजारचा वाटाण्याएवढा. शुक्रवारी सर बघणार होते. नाही जमलं तर आणखी सहा महिने.

तिचा बाप म्हणजे माझा मुलगा प्रकाश, तळोज्याला कंपनीत आहे. त्यानं सांगून टाकलं की सहा महिने वगैरे काही नाही, शिक्षण बंद, नोकरीला लाग. वर फॅमिली ग्रुपवर टाकलं की पोरीचं कामात लक्ष नाही. सगळ्या नातेवाइकांनी वाचलं.

पोरीनं काही करायचं बाकी ठेवलं नाही. पातळ तेल घेऊन पाहिलं, पाण्यात साबण वाढवला, गरम करून पाहिलं. मी म्हटलं, तेल अजून सावकाश सोड. तर म्हणे एका मर्यादेच्या खाली वेग कितीही कमी केला तरी मापात फारसा फरक नाही, माप ठरवतं ते वाटेचं तोंड. मी वाद घालणार होते... मग आठवलं, बुंदीसुद्धा आधी भोकाच्याच मापानं पडते.

बुधवारी तिनं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. तेल तोंडातून बाहेर येतं आणि तुटायचं सोडून काचेवरच पसरतं. झारा खालून पुसला नाही की पीठ असंच चिकटून लोंबतं, बुंदीला शेपट्या येतात.

"तुझा झारा खालून माखलाय," मी म्हटलं.

"काचेनं पाणी धरलं पाहिजे आजी, तेल नाही. पण मी धुऊन ठेवली होती. तेल येईल कुठून?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रविवार. बुंदी.

"मी पुसली ती. पदरानं. हात तुपाचे होते."

वाटलं, आता ही रडेल नाहीतर माझ्यावर ओरडेल. ती खुर्चीत बसली, कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "आजी, वाचले गं."

कारण सापडलं हेच तिला पुरे होतं. गुरुवारी लॅबमध्ये काच नीट धुतली. शुक्रवारी थेंब एकसारखे सुटले... सर म्हणाले, पुढचं काम सुरू कर.

पण बापाला तिनं माझं नाव सांगितलं नाही. अजूनही नाही. तो मात्र काल ग्रुपवर लिहितो, शेवटी लक्ष दिलं तेव्हा जमलं.

म्हणून हे इथे, त्याच ग्रुपवर, सगळ्यांसमोर. काच मी माखली. तिचं लक्ष पहिल्या दिवसापासून होतं.

बाकीच्यांनी खाली हात जोडू नका, फुलं टाकू नका. उत्तर एकट्या प्रकाशनं द्यायचं. आणि मला नाही, ऋतुजाला.