बेंबीवरचा राणीछाप पैसा

मंडळी, आज एका तांब्याच्या पैशापायी मांडवगण फराट्याला जाऊन आलो.

कंपनीतला मित्र म्हणाला होता, "आईकडं राणीछाप पैसा हाय, बघायला ये." पोचलो तर तो पैसा त्याच्या तान्ह्या पुतण्याच्या पोटावर फडक्यानं बांधलेला. बेंबी वर येऊ नये म्हणून!

काकूंनी, म्हणजे मित्राच्या आईनं, तो सोडून दाखवला. राणीचा चेहरा पार झिजलेला, पण मागचं साल वाचता येत होतं. नेमकं तेच साल माझ्या नाण्यांच्या संग्रहात नाही.

मी लगेच सोबत आणलेला माझा सगळ्यात चांगला पैसा काढला. त्यावर राणीचं नाक, मुकुट सगळं स्पष्ट. म्हटलं, "काकू, अदलाबदल करू. हा तुमच्यापेक्षा भारी आहे."

काकूंनी त्यावरून अंगठा फिरवला आणि परत दिला. "न्हाई बाबा, ह्यो लेकराला टोचंल. आमचा बघ, घरातल्या समद्या पोरांच्या पोटावर ऱ्हाऊन कसा गुळगुळीत झालाय. तुझा मित्रबी त्यातलाच."

मित्र लाजला. मी चहा पिऊन रिकाम्या हातानं परतलो.

असल्या झिजलेल्या नाण्याला आम्ही संग्राहक 'खराब' म्हणतो. तुमच्याकडं बांधायचे का असा पैसा?

अल्बममधला त्या सालाचा खण रिकामाच आहे. तिथं आत्ताच चिठ्ठी लावली: 'नाणं कामावर आहे.'