राणीसाहेबांची खोली

आमच्या तालुक्यात नदीच्या वळणावर संस्थानच्या राणीसाहेबांचा बंगला आहे. संस्थान गेलं, राणीसाहेबही गेल्या. राखणीला म्हातारे बापूराव तेवढे उरलेत. परवा भर दुपारी त्यांनी मला बंगला दाखवला. खालचा दिवाणखाना ते तरातरा ओलांडून गेले, पण माडीवरच्या एका दारापाशी त्यांनी घसा खाकरला आणि उभेच राहिले.

“आत कुणी आहे?” मी हळूच विचारलं.

“आता कोण असणार? पण बाईमाणसाची खोली. पदर सावरायला वेळ द्यावा.”

आत पलंग होता, डाग पडलेला आरसा होता, खिडकीशी वेताची खुर्ची होती. खुर्चीतून कुणीतरी आत्ताच उठून गेलंय असं मला उगाच वाटत राहिलं. बाहेर आल्यावर बापूरावांनी दार नुसतं लोटलं.

“कडी घाला की,” मी म्हणालो.

त्यांनी रागाने पाहिलं. “बाहेरनं कडी? राणीसाहेबांना कोंडू?”

मला हसू आलं नाही. माणूस गेलं की त्याचं दार आपण किती बेधडक ढकलतो! आई गेल्यापासून तिच्या खोलीत आम्ही रद्दी टाकतो, रिकामा सिलिंडर ठेवतो, आणि मांजर शिरतं म्हणून बाहेरून कडी घालतो.

संध्याकाळी घरी पोचलो तो थेट त्या दाराशी गेलो. कडी आवाज न करता काढली, घसा खाकरला, आणि पदर सावरायला लागतो तेवढा वेळ थांबलो.