पाऊण तासाचं रायपूर

सोनेगावच्या विमानतळावर विमान उतरलं, प्रवासी बाहेर पडले, की आत शिरायची ती बायजाबाई. वीस मिनिटांत सगळ्या सीटा झाडायच्या, पुसायच्या आणि कमरेच्या पट्ट्या एकमेकींवर कैचीसारख्या घालून ठेवायच्या. नऊ वर्षं हेच. पण त्यातल्या एकाही सीटवर ती क्षणभर टेकली नव्हती.

धाकटी बहीण देवकी रायपूरला दिलेली. आईबाप गेलेले, पाठीवर भाऊ नाही, म्हणजे देवकीचं माहेर ते काय, एकटी बायजाबाई. मग देवकीच्या नवऱ्यापुढं, म्हणजे जावयापुढं, नाक वर नको? ती फुशारकी मारायची, "आगगाडीले आठ तास लागते जी! आमचं विमान पावणेतीनशे किलोमीटर पाऊण तासात कापते. तुमची डाळ शिजेपर्यंत मी दारात!" जावई गणपतराव साधा माणूस, तो सगळं खरं मानायचा.

चौऱ्याहत्तरच्या मार्चात सकाळी साडेनऊला विमानतळावर ट्रंक कॉल आला. देवकी गेली होती.

"अक्का, माहेरचं लुगडं अंगावर पडल्याबिगर तिले उचलत नाही," गणपतराव रडत म्हणाला. "विमानानं येता ना?"

"येतो जी, अकराच्या विमानानं येतो. थांबा!" एवढं बोलली आणि लाइन कटली.

घर जवळच होतं. आखाजीच्या सणाला देवकीला द्यायला घेतलेलं हिरवं लुगडं पेटीतून काढून ती धावत परत आली. विमान लागलंच होतं. रडत रडत तिनं ते झाडलंसुद्धा, कारण झाडल्याशिवाय ते हलणार कसं? मग कंपनीच्या साहेबापुढं उभी राहिली.

"साहेब, बहीण मेली माही. अकरा सीटा खाली आहेत. मले बसू द्या, पगारातून कापा."

साहेबानं मान वर केली नाही. "कर्मचाऱ्यांचा अर्ज मुंबईहून मंजूर होतो. आठ दिवस लागतात."

"आठ दिवस मढं घरात ठेवू काय जी?"

"आणि बाई, या कपड्यांत पॅसेंजरमध्ये बसणार?"

घ्या! त्याच कपड्यांत ती आत्ता त्या अकराही सीटा पुसून आली होती, तेव्हा साहेबाला विटाळ झाला नाही. माणसाला लाज वाटायलाही मुंबईची मंजुरी लागते की काय, देव जाणे. अकरा रिकाम्या सीटा घेऊन विमान उडालं. बायजाबाईनं वर पाहून साहेबाच्या सात पिढ्या उद्धरल्या, चंद्रभान लोडरच्या सायकलवर डबलसीट बसून स्टेशन गाठलं आणि पॅसेंजर गाडी धरली. गणपतरावानं फोन कुठून केला तेही ठाऊक नव्हतं, मग निरोप तरी कुठं धाडणार?

ती पोचली तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. अंगण धुतलेलं. माणसं माती देऊन परतलेली.

"थांबले काहून नाही?" ती दारातूनच ओरडली. "तुमाले सांगतलं होतं ना थांबा म्हणून!"

गणपतराव उठून उभा राहिला. "पाच वाजेपर्यंत थांबलो, अक्का. बारा वाजले, दोन वाजले. लोक म्हणे, पाऊण तासाचा तर रस्ता, यायचं असतं तर आली असती. मग शेजारच्या प्रेमिलाबाईचं लुगडं घातलं तिच्या अंगावर." त्यानं तिच्या हातातल्या हिरव्या लुगड्याकडं पाहिलं. "आगगाडीनं येता हे माहीत असतं तर सकाळपर्यंत थांबलो असतो. विमानातली नोकरी तुमची, तुमाले कोण अडवते?"

बायजाबाईच्या अंगाचा भडका उडाला. साहेबावर, त्या विमानावर, आणि त्याहून जास्त स्वतःच्या जिभेवर.

"झाडतो मी ते विमान!" ती साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी किंचाळली. "झाडतो, जवाईबुवा! बसू नाही देत मले त्याच्यात!"