सुक्या बोंबलाचा वास

माझं माहेर अर्नाळ्याचं, कोळ्याचं, नवरा साताऱ्याकडचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आमच्या विरारच्या फ्लॅटमध्ये सुका बोंबील भाजायचा तो हा घराबाहेर असतानाच. चुकून घरी असला, की नाक मुरडायचा, धडाधड खिडक्या उघडायचा आणि जिन्यात जाऊन उभा राहायचा. एरवी मटणावर आडवा हात मारणारा माणूस. मी मेली जाम चिडायचे.

गेल्या वर्षी त्याचं नाक मुरडणं बंद झालं. मी त्याच्यासमोर बोंबील भाजले तरी तो पेपर वाचत बसला. पुढे भाकरीबरोबर दोन तुकडे खायलाही लागला. मला कोण आनंद झाला. लगेच आईला फोन केला. ती म्हणाली, "आता झाला गो जावई आपला. अर्नाल्याचं पानी लागलं त्याला." माझं माहेर त्याला एकदाचं पचलं, असंच मी धरून चालले.

मग त्याची वरची दाढ हलायला लागली, म्हणून मनवेलपाड्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी अख्ख्या जबड्याचा एक्स-रे काढला. त्यांचं बोट दाढेवरून वर सरकलं आणि नाकापाशी थांबलं. जिथे नुसती काळी पोकळी दिसायला हवी, तिथे पांढरट गोळा होता. शेजारच्या हाडाची कड कुरतडल्यासारखी.

"काका, वास येतो का तुम्हाला?"

"वरीस होत आलं. कशाचाच न्हाई येत."

किती सहज म्हणाला. सर्दी समजून मला सांगितलंही नव्हतं. माझ्या वर्षभराच्या आनंदाचं तिथेच, त्या खुर्चीशेजारी, मातेरं झालं.

नंतर नाकाच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला. कॅन्सरच आहे, डोळ्याच्या दिशेने पसरलाय. ऑपरेशन करून कितपत हाती लागेल, ते कुणी नीट सांगत नाही. मला तर काहीच आशा वाटत नाही. आईला फोन करायचा धीर अजून होत नाही.

काल त्याने स्वतःहून बोंबील मागितला. मी भाजायला घेतला, तसा ओट्याशी येऊन तव्यावर वाकला.

"सुटलाय का गं वास?"

"सुटलाय."

तो तिथेच उभा राहिला. घरभर धूर कोंडला, तरी मला खिडक्या उघडवल्या नाहीत.