चित्रातली सातवी मुलगी

देवावर माझी निष्ठा आहे. भुताखेतांवर कधीच नव्हती. पाठशाळेत न्यायशास्त्र शिकलेला मनुष्य धूर पाहून अग्नीचे अनुमान करतो, आणि जिथे असा हेतू, म्हणजे अनुमानाचा आधारच, सापडत नाही, ते मानत नाही. मासिकांतल्या अशा सदरांतले भुताटकीचे अनुभव मी आजवर हसून बाजूला ठेवत आलो. आज स्वतःच लिहितो आहे...

आम्ही दर्यापूरचे. माझी वृत्ती भिक्षुकीची. ती वर्षे वऱ्हाडाला फार वाईट गेली — कपाशीच्या गावांतून दहाव्या-तेरवीची बोलावणी इतकी येत, की पोथीची तेवढीच पाने मळली होती. त्यांतल्याच एका नवरात्रात माझी सून वैशाली हिने अमरावतीहून माझ्या सहा वर्षांच्या नातीसाठी, गार्गीसाठी, एक पुस्तक आणले. प्राचीन इजिप्तवरचे. माणसांनी खच्चून भरलेली मोठी चित्रे, आणि समासात यादी — यातले अमुक शोधून काढा.

गार्गीला अंत्ययात्रेचे चित्र आवडे. नाईलच्या काठी नाव, तिच्याकडे निघालेली रांग. सगळी माणसे त्या देशाच्या रीतीने एका बाजूने काढलेली. यादीत नऊ मांजरे, एक फुटका रांजण आणि सात मुली. सहा सापडल्या. सातवी आम्हां तिघांनाही सापडली नाही.

मूळ नक्षत्रावर मी सरस्वतीचे आवाहन केले. ग्रंथ चौरंगावर मांडले आणि गार्गीच्या हट्टाखातर तिचे पुस्तकही त्यांत ठेवून गंधाक्षता वाहिल्या. पूजेतला ग्रंथ विसर्जनापर्यंत उघडायचा नाही, हा नियम. दुसऱ्या दिवशी दुपारी गार्गी पुस्तकासाठी रडू लागली, तेव्हा मीच ते काढून तिच्या हाती दिले. खेळण्याचे पुस्तक, त्याला कसला नियम — असे मला वाटले.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "आबा, ही बाई माह्याकडे पाहून राहिली."

रडणाऱ्या बायकांपैकी एकीचा चेहरा खरोखरच समोर वळलेला होता. त्या डोळ्यांत शोक नव्हता, द्वेष होता. आधी आपले लक्ष गेले नसेल, अशी मी मनाची समजूत घातली. दिवेलागणीला गार्गीला ताप भरला. सकाळी तीन चेहरे वळले होते. सायंकाळपर्यंत सगळी रांग. दवाखान्यात रक्त तपासले, काही निघाले नाही. ताप मात्र चढतच होता.

वैशालीला सांगितले, तर ती चिडली. "लोकायच्या तेरवीले जाऊन जाऊन तुमाले घरातही तेच दिसून राहिलं, बाबा. पोरीपाशी असं बोलू नका."

चौथ्या दिवशी सकाळी पुस्तक फेकून द्यायला तिनेच उचलले. ते पान उघडले... आणि तिने ते माझ्यापुढे धरले. सातवी मुलगी सापडली होती. दोन वेण्या, हिरव्या फिती, गार्गीचा पिवळा फ्रॉक. एक पाय काठावर, एक नावेत. सगळी रांग आमच्याकडे पाहत होती. ती एकटी पाठमोरी.

"बाबा, जे काय करायचं ते आत्ता करा," एवढेच वैशाली म्हणाली.

विसर्जनाचे श्रवण नक्षत्र लागायला चार घटका होत्या. मी थांबलो नाही. पुस्तक पुन्हा चौरंगावर ठेवले. आवाहन चौरंगावरच्या सर्वांचे एकत्र झालेले, त्या चित्रातल्यांचेही; त्यांतून एकालाच निरोप देता येत नाही. विसर्जनाच्या शेवटी 'पुन्हा यावे' अशी विनंती करायची असते. ती ओठांशी आली आणि आतून गार्गीचे कण्हणे ऐकू आले. मी ती केली नाही. नुसते 'जा' म्हणालो.

तासाभरात ताप उतरला. पुस्तक नदीत सोडले. उघडून पाहण्याचे धैर्य झाले नाही. पुढे अमरावतीच्या दुकानात तेच पुस्तक उभ्या-उभ्याच चाळले — सगळे चेहरे एका बाजूला, मुली सहा, आणि यादीतही सहाच. याचा हेतू मला आजही सापडलेला नाही.

गार्गी वाचली. पण त्या चौरंगावर सरस्वतीही होती, आणि 'जा' मी तिलाही म्हणालो होतो. पुढच्या नवरात्रात ग्रंथ मांडले, आवाहनासाठी हात जोडले... आणि शब्द फुटेना. जिला असे घालवले, तिला कोणत्या तोंडाने बोलवावे?